टाका, भूदृश्य आणि बदलता उजेड

एका जागी उभे राहून जमिनीचा, पाण्याचा आणि आकाशाचा जेवढा पट्टा नजरेत मावतो, त्याला कलेच्या परिभाषेत भूदृश्य म्हणतात. आणि असे भूदृश्य सुई, दोरा व कापड यांच्या साहाय्याने उभे करणारी कला हा या ग्रंथाचा विषय आहे. या कलेत भरतकाम येते, म्हणजे विणून तयार झालेल्या कापडावर सुईने दोरा भरून केलेले काम. ठिगळकाम येते, म्हणजे एका कापडावर दुसऱ्या कापडांचे तुकडे बसवून शिवलेली रचना. आणि गोधडीकाम येते, म्हणजे कापडाचे अनेक थर एकावर एक पसरून ते धावदोऱ्याने, म्हणजे वरखाली जाणाऱ्या साध्या सरळ टाक्याने, एकजीव करण्याची रीत. या तिन्ही रीती घरोघरी परिचयाच्या असल्या, तरी त्यांतून डोंगर, शेत, खाडी किंवा आभाळ दाखवू पाहणाऱ्यापुढे एक मूलभूत अडचण उभी राहते. भूदृश्यातली जमीन जागची हलत नाही, पण ज्या उजेडामुळे ती दिसते तो उजेड घटकाभरही एकसारखा राहत नाही. आणि चित्र घडवण्याच्या सर्व रीतींत सुईची रीत अत्यंत संथ असल्यामुळे, डोंगराचा तळहाताएवढा भाग भरून होईपर्यंत त्या डोंगरावरून कितीतरी सकाळी आणि संध्याकाळी सरून गेलेल्या असतात.

ही अडचण खरी असली तरी तिचे उत्तर या माध्यमातच दडलेले आहे, आणि ते नीट उलगडून दाखवणे हा या प्रस्तावनेचा हेतू आहे. दोरा केवळ रंग वाहून नेत नाही. त्याला स्वतःची चकाकी असते, कापडावर उठून दिसणारी जाडी असते आणि तो ज्या बाजूला टाकला जाईल ती दिशा असते, त्यामुळे शिवलेले कापड भिंतीवर टांगल्यावरही खोलीतल्या उजेडाबरोबर बदलत राहते. चित्रकार कॅनव्हासवर उजेडाचा आभास रंगवतो, तर सुईकाम करणारा कलावंत प्रत्यक्ष उजेड झेलणारा आणि परतवणारा पृष्ठभाग घडवतो. हा फरक लक्षात घेतला नाही तर शिवलेल्या भूदृश्याची पारख ते छायाचित्राशी किंवा तैलचित्राशी किती जुळते एवढ्यावरच होते, आणि ज्या गुणांसाठी हे माध्यम निवडायचे तेच गुण नजरेआड राहतात.

बदलत्या उजेडात नेमके काय बदलते, हे प्रथम पाहिले पाहिजे. दिवसभरात उजेडाचा कोन, त्याचा रंग आणि त्याची तीव्रता या तीन गोष्टी एकाच वेळी पालटत असतात. सूर्य माथ्यावर असताना सावल्या वस्तूंच्या पायाशी गोळा होतात, त्यामुळे टळटळीत दुपारी डोंगराची घडण सपाट आणि पुसट भासते. उन्हे कलली की तोच डोंगर घळीघळीने, बांधाबांधाने सावल्यांनी रेखला जातो. रंगाचे कारण हवेत आहे. सूर्यप्रकाश हवेच्या रेणूंवर आदळून विखुरतो आणि त्यात आखूड तरंगलांबीचा निळा प्रकाश लांब तरंगलांबीच्या तांबड्या प्रकाशाहून पुष्कळ अधिक विखुरतो, हे लॉर्ड रेले यांनी १८७१ मध्ये गणिताने मांडले. सकाळ-संध्याकाळचे किरण क्षितिजाजवळून येताना हवेचा फार जाड थर ओलांडतात, त्या वाटेत त्यांतला निळा अंश विखरून जातो आणि उरलेला पिवळा-तांबडा उजेड जमिनीवर पडतो. याच कारणाने दूरचे डोंगर निळसर दिसतात, कारण पाहणारा आणि डोंगर यांच्यामधली हवा स्वतःच निळा उजेड विखुरत असते. अंतर वाढेल तसा रंग फिका, थंड आणि कमी ठळक होत जातो, आणि चित्रकलेत या परिणामाला वातावरणीय यथादर्शन असे म्हणतात. निरभ्र दिवशी सावल्याही निव्वळ काळ्या नसतात, कारण थेट ऊन अडले तरी निळ्या आभाळाचा उजेड त्यांत उतरतच असतो.

एकच स्थळ वेगवेगळ्या प्रहरी वेगवेगळे चित्र होते, ही गोष्ट युरोपीय चित्रकलेत सर्वांत ठामपणे क्लोद मोने यांनी मांडली. १८९० व १८९१ या वर्षांत त्यांनी शेतातल्या गंज्यांची चित्रमालिका रंगवली आणि त्यानंतर रूआँ येथील कॅथीड्रलचा दर्शनी भाग पुन्हा पुन्हा चित्रित केला. अनेक कॅनव्हास एकाच वेळी हाताशी ठेवून, ऊन फिरले की पुढचा कॅनव्हास घ्यायचा, अशी त्यांची पद्धत होती. सुईकामाला ही पद्धत जशीच्या तशी उचलता येत नाही, कारण टाका उन्हाच्या वेगाने चालत नाही. पण तिच्यामागचा विचार सुईकामाला फार उपयोगी आहे, आणि तो असा की चित्राचा विषय वस्तू नसून त्या वस्तूवरची विशिष्ट वेळ आहे. ती वेळ आधी ठरली म्हणजे दोऱ्याची निवड, टाक्याची जात आणि त्याची दिशा या साऱ्या गोष्टी तिच्याकडे पाहून ठरवता येतात.

आता दोऱ्याकडे वळावे. रेशमाचा तंतू गुळगुळीत असतो आणि आडवा कापून पाहिल्यास साधारण त्रिकोणी दिसतो, त्यामुळे त्याच्या पैलूंवरून उजेड ठळकपणे परत फिरतो. लोकरीच्या तंतूवर सूक्ष्म खवले असतात, म्हणून तिच्यावर पडलेला उजेड विखरून मऊ होतो. साधा सुती तंतू चपटा आणि पीळ पडलेल्या फितीसारखा असल्याने त्याची झळाळी मंद असते. जॉन मर्सर यांनी १८५० मध्ये सुती धागा कॉस्टिक सोड्याच्या द्रावणातून काढण्याच्या प्रक्रियेचे पेटंट घेतले, आणि पुढे होरेस लो यांनी त्याच प्रक्रियेत धागा ताणून धरला असता त्याला कायमची चकाकी येते हे दाखवून दिले. भरतकामाचा जो सहा पदरी चकचकीत सुती दोरा आज गावोगावच्या दुकानांत लडीने मिळतो, तो या प्रक्रियेचे फळ आहे. भूदृश्य शिवणाऱ्याच्या दृष्टीने या माहितीचे मोल व्यावहारिक आहे. ओल्या खडकाला किंवा पाण्याला रेशीम शोभते, धुक्याने भरलेल्या दरीला लोकर किंवा बिनचकाकीचा सुती दोरा शोभतो, आणि एकाच छटेचे दोन वेगवेगळ्या जातींचे दोरे शेजारी टाकले तर रंग न बदलताही उजेड-सावलीचा भेद उभा राहतो.

दोऱ्याच्या जातीहूनही त्याची दिशा महत्त्वाची ठरते. चमकदार दोरा हा प्रत्यक्षात बारीक, गोल, लांबट कांडीचा आकार असतो, आणि अशा आकारावर आडव्या अंगाने आलेला उजेड त्याच्या लांबीशी काटकोन करणाऱ्या प्रतलात पसरतो. म्हणून बाजूच्या खिडकीतून उजेड येत असेल तर समोर उभ्या असलेल्या माणसाला उभे टाके उजळ आणि आडवे टाके गडद दिसतात. उजेड वरून येत असेल तर हेच नाते उलटते. एकाच लडीतला दोरा, एकच कापड आणि एकाच हाताचे काम असूनही दोन छटा दिसतात, आणि खोलीतला दिवा हलवला की त्या छटा आपापली जागा बदलतात. हे तत्त्व पंजाबातल्या फुलकारीच्या कारागीर स्त्रियांनी पिढ्यान्‌पिढ्या वापरले आहे. फुलकारीत जाडसर खद्दरवर ‘पट’ नावाचा, जवळजवळ पीळ नसलेला रेशमी धागा कापडाच्या उलट्या बाजूने, कापडाचे धागे मोजून भरला जातो, आणि ज्या वस्त्रात मूळ कापड जवळजवळ पूर्ण झाकले जाते त्याला बाग म्हणतात. एखाद्या बागेतला चौकडीचा भाग जवळून पाहिला तर सोनेरी-पिवळा रंग एकच असतो. एका घरातले टाके उभे आणि शेजारच्या घरातले आडवे असतात, एवढ्यानेच नजरेला दोन सोनेरी छटांचा पट दिसतो आणि वस्त्र अंगावर हलले की त्यांची अदलाबदल होते. भूदृश्याचा विषय नसतानाही उजेडाचे इतके सूक्ष्म भान ज्या परंपरेत आहे, तिला या कलेच्या इतिहासात पहिल्या रांगेत स्थान मिळाले पाहिजे.

पंधराव्या शतकातल्या युरोपात, विशेषतः फ्लँडर्समध्ये, उजेड शिवण्याची आणखी एक विलक्षण रीत परिपक्व झाली. फ्रेंचमध्ये ‘ऑर न्युए’ म्हणजे छायांकित सोने या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या रीतीत सोन्याचे धागे कापडावर एकमेकांना चिकटून आडवे अंथरले जात आणि रंगीत रेशमाच्या बारीक टाक्यांनी ते जागच्या जागी पक्के केले जात. जिथे सावली हवी तिथे रेशमाचे टाके इतके दाट घालत की सोने झाकून जाई, आणि जिथे उजेड हवा तिथे टाके विरळ ठेवून खालचे सोने उघडे राहू देत. व्हिएन्नात जतन केलेल्या ऑर्डर ऑफ द गोल्डन फ्लीसच्या धर्मवस्त्रांवर ही रीत तिच्या पूर्ण वैभवात पाहायला मिळते. तिचा गाभा असा की उजेड वरून लावलेला नाही, तो तळाशी आधीच आहे, आणि कलावंत त्याच्यावर सावल्या घालत जातो. आजही फिक्या, चमकदार कापडाची पार्श्वभूमी मोकळी सोडून आभाळ किंवा पाणी दाखवणारे कलावंत नकळत याच विचाराने चालतात.

रंग एकमेकांशेजारी आल्यावर काय होते, याचे शास्त्रही धाग्यांच्याच कारखान्यात जन्मले. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ मिशेल युजेन शेव्रल १८२४ मध्ये पॅरिसच्या गोब्लँ कारखान्यात रंगाईचे संचालक झाले. भिंतीवर टांगायचे चित्रमय पडदे विणणाऱ्या या कारखान्यात काही रंगांबद्दल, विशेषतः काळा फिका पडतो अशा, तक्रारी येत होत्या. शेव्रल यांनी तपास केला तेव्हा दोष रंगात नसून शेजारात आहे, असे आढळले, कारण निळ्या-जांभळ्या धाग्यांच्या सान्निध्यात काळा निस्तेज दिसत होता. दोन रंग शेजारी आले की प्रत्येक रंग दुसऱ्याला आपल्या विरुद्ध छटेकडे ढकलतो, हा समकालिक विरोधाचा नियम त्यांनी १८३९ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध केला आणि पुढे अनेक चित्रकारांनी त्याचा अभ्यास केला. सुईकाम करणाऱ्याला हा नियम रोजच भेटतो: लडीत हिरवागार वाटलेला दोरा पिवळ्या भाताच्या टाक्यांमध्ये निळसर वाटू लागतो, आणि म्हणून दोरे दुकानात सुटे पाहून न निवडता ज्या शेजारात ते बसणार आहेत त्या शेजारात ठेवूनच निवडावे लागतात. सुईत एकाच वेळी वेगवेगळ्या छटांचे दोन पदर ओवले तर डोळा काही अंतरावरून त्यांची तिसरी छटा करतो, आणि ही छटा एकाच रंगाच्या दोऱ्याहून अधिक सजीव भासते, कारण जवळ गेल्यावर ती पुन्हा दोन छटांत सुटते.

आशियात टाक्यांतून उजेड दाखवण्याच्या विचाराला दोन वेगळ्या वाटा फुटल्या. चीनमधील सूचौ हे शहर रेशमी भरतकामासाठी प्रसिद्ध आहे आणि तिथे रेशमाचा धागा अत्यंत बारीक पदरांत सोडवून भरण्याची परंपरा आहे. या परंपरेत वाढलेल्या शेन शौ (१८७४–१९२१) यांनी जपानच्या प्रवासानंतर पाश्चात्त्य चित्रांतली छायाप्रकाशाची मांडणी भरतकामात आणली, आणि त्यांनी भरलेले इटलीच्या राणीचे व्यक्तिचित्र १९११ च्या ट्युरिन येथील प्रदर्शनात गाजले. त्यांच्यानंतर यांग शौयू (१८९६–१९८१) यांनी टाके समांतर न घालता एकमेकांना छेदत, थरावर थर चढवत भरण्याची पद्धत विकसित केली. एका थरातल्या टाक्यांच्या फटींतून खालच्या थराचा रंग डोकावत राहिल्याने तैलरंगाच्या फटकाऱ्यांसारखी खोली येते, आणि पानांच्या दाटीतून झिरपणारे ऊन किंवा पाण्यावरचा उजेड दाखवायला ही पद्धत फार अनुकूल ठरते.

दुसरी वाट जपानमधील इत्चिकू कुबोता (१९१७–२००३) यांची आहे. विशीत असताना टोकियोच्या संग्रहालयात त्यांनी त्सुजिगाहाना या लुप्त झालेल्या तंत्राचा एक जुना तुकडा पाहिला. या तंत्रात कापडाचा ठरावीक भाग टाके घालून घट्ट आवळतात, कापड रंगात बुडवतात आणि टाके सोडवल्यावर आवळलेल्या भागात मूळ रंग राखला जातो, म्हणजे इथे टाका स्वतः नाहीसा होतो आणि आपला ठसा मागे ठेवतो. दुसऱ्या महायुद्धानंतर सायबेरियात युद्धकैदी म्हणून राहावे लागले तेव्हा तिथल्या सूर्यास्तांनी त्यांच्या मनावर खोल परिणाम केला, आणि पुढे अनेक वर्षांच्या प्रयोगांनंतर त्यांनी या तंत्राला नवे रूप दिले. ‘सिम्फनी ऑफ लाइट’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या त्यांच्या मालिकेत ८० किमोनो शेजारीशेजारी टांगून ऋतूंमधून सरकणारे एकच अखंड भूदृश्य उभे करण्याची योजना होती. ती त्यांच्या हयातीत पुरी झाली नाही, तरी कावागुची सरोवराकाठच्या त्यांच्या संग्रहालयात हे किमोनो पाहताना, एका वस्त्राच्या बाहीवरून पुढच्या वस्त्राच्या खांद्यावर जाणारा डोंगर आणि त्याच्यावर पालटत जाणारा प्रहर यांतून या कलेची झेप किती मोठी असू शकते याची साक्ष पटते. विसाव्या शतकातल्या ब्रिटनमध्येही कॉन्स्टन्स हॉवर्ड यांनी लंडनच्या गोल्डस्मिथ्स महाविद्यालयात भरतकामाला स्वतंत्र कलाशिक्षणाचा दर्जा मिळवून दिला, आणि एरियन शॉर्ट यांच्यासारख्या कलावंतांनी वेल्समधली भूदृश्ये केवळ टाक्यांत उभी केली.

मराठी वाचकाच्या दृष्टीने या विषयाचे मूळ मात्र अगदी जवळ आहे, कारण महाराष्ट्रात या कलेला लागणारे तंत्र आणि विषय ही दोन्ही अंगे शेजारीशेजारी नांदतात. तंत्र गोधडीत आहे. जुन्या लुगड्यांचे आणि धोतरांचे धडपे एकावर एक अंथरून कडेपासून धावदोरा सुरू करायचा आणि चौकोनी फेऱ्यांनी आत आत येत मध्यावर संपवायचा, ही रीत घराघरांतल्या आज्यांच्या हातात होती व अजूनही अनेक ठिकाणी आहे. या रीतीत प्रत्येक टाका सगळे थर किंचित खाली ओढतो, दोन ओळींच्या मधला भाग फुगतो आणि साऱ्या पृष्ठभागावर बारीक उंचसखलपणा तयार होतो. दारातून तिरीप येत असताना अंथरलेल्या गोधडीकडे पाहिले तर प्रत्येक ओळीला एक उजळ आणि एक सावळी बाजू दिसते. रंग विटून सारखा झालेल्या गोधडीतही हा छायाप्रकाश टिकून असतो, कारण तो रंगातून न येता घडणीतून आलेला असतो. उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी समाजाच्या कवंड नावाच्या गोधड्यांत हेच तंत्र रंगीत तुकड्यांच्या मुक्त मांडणीशी जोडलेले दिसते, आणि त्या समाजातल्या अनेकांचे पूर्वज गोव्याच्या बंदरातून आले असल्याने त्या परंपरेशी कोकण किनारपट्टीचे नातेही जुने आहे.

विषय सह्याद्रीत आहे. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी लाव्हाचे लोट एकावर एक थिजून दख्खनचा हा बेसॉल्ट तयार झाला, आणि त्याचे कठीण व मऊ थर वेगवेगळ्या गतीने झिजल्यामुळे डोंगरांना आडव्या पायऱ्यांची घडण आली. आडव्या ओळींनी थर जोडत जाणारा धावदोरा आणि आडव्या थरांनी रचलेला डोंगर यांची घडण इतकी मिळतीजुळती आहे की सह्याद्री दाखवायला गोधडीच्या टाक्याहून अधिक स्वाभाविक टाका सापडणे कठीण. उजेडाच्या बाबतीतही हा प्रदेश समृद्ध आहे. आषाढातले मळभ सावल्याच पुसून टाकते आणि डोंगर एकाच राखी छटेच्या चढत्या-उतरत्या पातळ्यांत दिसतात; श्रावणात ऊन-पाऊस पाठोपाठ येऊन एकाच उतारावर उजळ आणि काळवंडलेले पट्टे सरकत राहतात; भाद्रपदात कास पठाराच्या जांभ्यावर तेरड्याचा गुलाबी-जांभळा आणि सोनकीचा पिवळा रंग जमिनीलाच रंगीत उजेड देतो; आणि वैशाखात तेच डोंगर करड्या-पिवळ्या गवताने व हवेतल्या धुळीने फिके होतात.

या सर्व गोष्टी प्रत्यक्ष कामात कशा एकत्र येतात, हे एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. हरिश्चंद्रगडाचा कोकणकडा पश्चिमेकडे तोंड करून आत वळलेला आहे, त्यामुळे सकाळी तो स्वतःच्याच सावलीत असतो आणि दुपारनंतर हळूहळू उजळत जातो. कड्याच्या एका टोकावरून दुसऱ्या टोकाकडे पाहिले की त्याचा वळसा आणि त्याच्या पलीकडे कोकणाकडे उतरत गेलेल्या रांगा एकाच नजरेत येतात. भाद्रपदातल्या एखाद्या उघडिपीच्या संध्याकाळचे हे दृश्य शिवायचे ठरवले, तर आभाळासाठी फिके मलमलचे कापड मोकळे ठेवता येते. सर्वांत दूरच्या रांगेला राखाडी-निळ्या दोऱ्याचा एकच पदर आणि आडवा, विरळ धावदोरा पुरतो; मधल्या रांगेला एकाच सुईत एक निळसर आणि एक हिरवट असे दोन पदर ओवून टाके थोडे जवळ आणता येतात; आणि पायापाशी असलेल्या गवताला तीन पदरांचा देठटाका व गाठीचा टाका देऊन उबदार, पिवळसर हिरवे रंग घेता येतात. अशा रीतीने अंतर कमी होत जाईल तसे दोऱ्याची जाडी, टाक्यांची दाटी आणि रंगाची ऊब वाढत जातात, आणि वातावरणीय यथादर्शन केवळ रंगावर अवलंबून न राहता स्पर्शालाही जाणवू लागते. खुद्द कड्याचा उभा खडक उभ्या भरीव टाक्यांनी, म्हणजे एकमेकांना लागून घातलेल्या लांब टाक्यांनी, आणि त्यावरचे गवताळ टप्पे आडव्या टाक्यांनी भरले, तर बाजूच्या खिडकीतून ऊन येईल तेव्हा कडा पेटल्यासारखा उजळेल, आणि वरचा दिवा लावला की कडा मिटून टप्पे पुढे येतील. संध्याकाळ आणि तिच्या आधीची दुपार अशा दोन्ही वेळा एकाच कापडात राहतात त्या याच मार्गाने.

इतके संथ काम करताना पाहिलेल्या वेळेची आठवण शाबूत राहावी, म्हणून टिपणाची शिस्त आवश्यक ठरते. अनेक कलावंत ही शिस्त दोऱ्यानेच पाळतात: जाड पुठ्ठ्याची अरुंद पट्टी घेऊन तिच्यावर आभाळापासून पायापर्यंत दिसलेले रंग त्यांच्या प्रमाणात गुंडाळतात, म्हणजे आभाळाने अर्धी जागा घेतली असेल तर अर्धी पट्टी आभाळाच्या दोऱ्याने भरते, आणि तिच्या मागे स्थळ, महिना, वेळ व आभाळाची स्थिती लिहून ठेवतात. एकाच जागेच्या चार प्रहरांच्या चार पट्ट्या शेजारी ठेवल्या की कोणता रंग कायम राहिला आणि कोणता फिरला, हे छायाचित्राहून अधिक नेमकेपणाने कळते, कारण छायाचित्र पाहताना डोळा वस्तू ओळखत बसतो आणि पट्टीवर फक्त रंगांचे नाते उरते. दोरे निवडण्याचे काम दिवसाच्या उजेडात करावे, असा जुना दंडक आहे आणि त्याला शास्त्रीय आधार आहे: दोन वेगवेगळ्या रंगद्रव्यांनी रंगवलेले दोरे ट्यूबलाइटखाली तंतोतंत सारखे दिसू शकतात आणि उन्हात वेगळे पडू शकतात, कारण दोन्ही उजेडांतली तरंगलांबींची वाटणी निराळी असते. शिलाई मशीनवर काम करणारे कलावंत कापड पुढे सरकवणारे दाते खाली घेऊन रिंगेत ताणलेले कापड हाताने हव्या त्या दिशेला फिरवतात आणि सुईने रेखाटन करतात. वेग वाढला तरी दिशेचा नियम तोच राहतो, आणि हाताचा टाका श्रेष्ठ की मशीनचा हा वाद त्यामुळे गौण ठरतो.

ज्या उजेडाने हे काम जिवंत होते, तोच उजेड त्याचा ऱ्हासही करतो, ही गोष्ट या कलेच्या अभ्यासकाला टाळता येत नाही. उजेडाने, विशेषतः त्यातल्या अतिनील किरणांनी, रंगद्रव्ये फिकी पडतात आणि तंतू ठिसूळ होतात. हळदीचा आणि कुसुंब्याचा रंग लवकर उडतो, तर नीळ आणि मंजिष्ठ पुष्कळ अधिक टिकतात. रंगाचा हा टिकाऊपणा मोजण्यासाठी निळ्या लोकरीच्या ८ नमुन्यांची एक प्रमाणित पट्टी वापरली जाते आणि संग्रहालये जुनी वस्त्रे सामान्यतः ५० लक्स एवढ्या मंद उजेडातच मांडतात. जुन्या वस्त्रांच्या जतनासाठी हे योग्यच आहे, पण त्याचा एक परिणाम असा होतो की फुलकारी किंवा गोधडी काचेमागे, एकाच स्थिर दिव्याखाली पाहणाऱ्याला तिच्यातला बदलता उजेड कधीच दिसत नाही आणि ती केवळ नक्षी वाटू लागते. उजेड मंद ठेवूनही त्याची दिशा बदलता येते. दिव्याचा कोन दिवसातून दोन-तीनदा फिरवणारी मांडणी वस्त्राला इजा न करता त्याचा खरा स्वभाव दाखवू शकेल, आणि शिवलेल्या भूदृश्यांच्या प्रत्येक प्रदर्शनाने याचा विचार करायला हवा. घरात असे काम टांगणाऱ्यानेही थेट उन्हाची भिंत टाळावी आणि बाजूने खिडकीचा उजेड मिळेल अशी भिंत निवडावी.

मराठीत चित्रकलेविषयी गंभीर लेखनाची परंपरा आहे, पण सुईकामाचा विचार बहुधा गृहशोभा किंवा हस्तकला या सदरांतच झाला, आणि त्यामुळे टाक्याची दिशा, दाटी आणि थर यांविषयी बोलणारी समीक्षेची भाषा पुरेशी घडली नाही. ती भाषा घडवण्याची सामग्री मात्र हाताशी आहे: गोधडी शिवणाऱ्या स्त्रियांचे अनुभवज्ञान, फुलकारीपासून त्सुजिगाहानापर्यंतच्या परंपरांचा पुरावा आणि उजेड व रंग यांचे शास्त्र. शिवणाऱ्याने या ग्रंथाकडे नमुन्यांचे पुस्तक म्हणून न पाहता पाहण्याची शिस्त म्हणून पाहावे, आणि केवळ रसिक म्हणून वाचणाऱ्याने यापुढे एखादे शिवलेले भूदृश्य समोर आले की ते जागा बदलून, डावीकडून, उजवीकडून आणि शक्य असेल तर दिवसाच्या वेगवेगळ्या वेळी पाहावे. जे काम प्रत्येक वेळी नवे काही सांगते ते उजेड जाणणाऱ्या हातांचे आहे, आणि जे सर्व वेळी सारखेच दिसते त्याला, त्यातले साम्य कितीही हुबेहूब असले, तरी दोऱ्याची खरी ताकद अजून गवसलेली नाही. या कलेची पारख करण्याची याहून न्याय्य कसोटी दुसरी नाही.